हणमंत धोत्रे यांच्यातर्फे

व्हरांड्यातून गुंडू पट्टेवाल्याने तिसऱ्यांदा पुकारा केला, "हणमंत रामा धोत्रे, हाजीर हाय काऽ?" आणि मी खुर्चीवरून उठून म्हणाले, "प्रतिवादीतर्फे मी हजर आहे, साहेब."

आमच्याकडे खेड्यापाड्यांत म्हणतात, बाहेरून कुणी नाव घेऊन हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ देऊ नये, दुसरीलाही देऊ नये. तिसरी आली तरच हाक मारणारा माणूस समजावा. कोर्टात मात्र तिसऱ्या हाकेला ओ दिली नाही तर सगळंच हातचं जातं. म्हणून मी ओ दिली. सत्त्याऐंशी सालच्या मार्च महिन्यातली ही गोष्ट. भिंतीवरच्या घड्याळात साडेअकरा वाजले होते, हे मला पक्कं आठवतं, कारण पुढे त्या दिवसातली प्रत्येक वेळ मला पुन्हा पुन्हा आठवून बघावी लागली.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. सनद मिळून जेमतेम पंधरा महिने झाले होते आणि त्या तालुक्याच्या कोर्टात काळा कोट घालणारी मी एकटीच बाई होते. माझे सीनियर अप्पासाहेब ढवळे त्या आठवड्यात मिरजेला दवाखान्यात दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या बांधून पडले होते. जाताना त्यांनी आपल्या फायली माझ्यापुढे ठेवल्या आणि म्हणाले, "तारखा माग. बोलायच्या भानगडीत पडू नकोस."

पण न्यायाधीशसाहेबांची बदली झाली होती आणि जाण्याआधी जुने दावे निकाली काढायचा त्यांनी चंग बांधला होता. बारीक अंगाचे, हळू बोलणारे गृहस्थ. धोत्र्यांचा दावा सहा वर्षं जुना. साक्षी-पुरावे संपलेले, फक्त युक्तिवाद राहिलेला. साहेब म्हणाले, "तारीख मिळणार नाही. तुम्हीच बोला."

मी फाईल उघडली, तेवढ्यात समोरचे मोहिते वकील उठले. मोहिते म्हणजे तोंडात खडीसाखर आणि खिशात कात्री. त्यांनी आधी माझं कौतुक केलं, मुलीसारखी आहे म्हणाले, आणि मग अदबीने हरकत घेतली. धोत्र्यांचं वकीलपत्र फक्त ढवळ्यांच्या नावाचं आहे, बाईंचं नाव त्यात नाही, तेव्हा बाईंना या दाव्यात युक्तिवाद करायचा अधिकार नाही.

हरकत बरोबर होती. चूक आमच्या ऑफिसच्या रिवाजाची होती. अप्पासाहेब कोणत्याही वकीलपत्रावर दुसरं नाव घालू देत नसत. पक्षकाराला मग नक्की वकील कोण हेच कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. साहेबांनी कागद उलटसुलट पाहिला. "ढवळेसाहेबांची लेखी सूचना आणा, नाहीतर पक्षकाराचं तुमच्या नावाचं वकीलपत्र आणा. साडेतीनपर्यंत थांबतो. नाही आलं तर प्रतिवादीचा युक्तिवाद नाही असं लिहून निकालाला ठेवतो."

अप्पासाहेबांचे डोळे मिरजेत, हातही मिरजेत. राहिले धोत्रे. ते तालुक्यापासून सहा किलोमीटरवर खडकोलीत, अंथरुणावर. आमचे कारकून सदानाना तीस वर्षं ढवळ्यांकडे होते. मी काही सांगायच्या आत त्यांनी कोरं वकीलपत्र आणि शाईचं पॅड पिशवीत टाकलं आणि लुना चालू केली.

आता दावा काय होता ते सांगते. हणमंत धोत्रे जाती, पाटे, वरवंटे घडवणारा. खडकोलीत त्याचं दोन खणांचं घर, मागे परडं. शेजारी दिनकर बर्गे. दोघांच्या मध्ये एक दगडी भिंत. बर्ग्यांचं म्हणणं, ही भिंत आमच्या वडिलांनी बांधली, म्हणून भिंत आणि तिच्या पलीकडचं परडंही आमचं. धोत्र्याने ते बळकावलंय. परडं गेलं तर मागची खोली जाणार आणि ती गेली की घर उरत नव्हतं. धोत्र्याचं म्हणणं, भिंत मी माझ्या हाताने घातली. पण ते सांगणार कोण? दावा लागला त्याच वर्षी त्याच्यावरून वारं गेलं. डावी बाजू गेली आणि वाचा गेली. साक्षीला पिंजऱ्यात उभा केला तेव्हा तो नुसता घशातून आवाज काढत राहिला आणि साहेबांना साक्ष थांबवावी लागली.

त्याच्यापाशी एक मुलगी होती, सगुणा. मुलगी म्हणायची. खाणीवर कामाला आलेलं एक जोडपं दरड कोसळून गेलं, त्यांची ही चार वर्षांची पोर त्याने घरी आणली. त्याची बायको आधीच वारली होती. दत्तकाचा कागद नाही, जन्माच्या दाखल्यावर बापाचं नाव भलतंच. अप्पासाहेब म्हणायचे, मृत्युपत्र करून ठेवू. पण त्यासाठी डॉक्टरांनी दाखला द्यायला हवा होता की याला सगळं समजतंय, आणि डॉक्टर म्हणायचे, जो काही सांगूच शकत नाही त्याला काय समजतंय हे मी कुठल्या तोंडाने लिहू? तेव्हा गोष्ट अशी होती की म्हातारा निकालाआधी गेला तर कोर्टात त्याच्या जागी उभं राहायला कुणी नव्हतं. सगुणा कायद्याने त्याची कुणीच नव्हती. दावा बर्ग्यांच्या घशात गेला असता आणि बावीस वर्षांची ती मुलगी रस्त्यावर आली असती.

तब्येत बरी असायची तेव्हा ती त्याला बैलगाडीत घालून तारखेला आणायची. तो व्हरांड्यातल्या बाकावर बसायचा आणि मी दिसले की उजवा तळहात मांडीवर गोल गोल फिरवायचा. पुन्हा पुन्हा, डोळे माझ्यावर रोखून. अप्पासाहेब म्हणायचे, तारखांचे फेरे किती घालायचे असं विचारतोय बिचारा. सगुणा म्हणायची, आबांची जुनी सवय हाय ती. मला काहीच कळायचं नाही, मी नुसती मान डोलवायची. वकिलाला न कळता मान डोलवायची सवय फार लवकर लागते.

तीन वाजून वीस मिनिटांनी सदानाना आले. मी बार रूममध्ये येरझारा घालत होते. त्यांनी कागद माझ्या हातात दिला नाही, टेबलावर ठेवला आणि दोन पावलं मागे सरकले. त्यांचे केस ओले होते. मी विचारलं, पाऊस आहे का तिकडे? मार्चमध्ये कसला पाऊस, पण माझं लक्ष कागदावर होतं. ते म्हणाले, "उन्हाचा आलो, नळाखाली डोकं धरलं." चहा सांगितला तर नको म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा सदानाना चहाला नको म्हणाले होते आणि तेसुद्धा माझ्या लक्षात आलं नाही.

मी अंगठा पाहिला आणि खूश झाले. धोत्र्याचा अंगठा नेहमी फरफटलेला यायचा, हात थरथरत असल्यामुळे. आज एक एक रेघ मोजून घ्यावी इतका स्वच्छ उठला होता. खाली मी 'स्वीकारले' लिहून सही केली आणि धावत कोर्टात गेले. सदानाना एरवी माझ्या मागे फायली घेऊन उभे असत. त्या दिवशी ते आत आले नाहीत. व्हरांड्याच्याही खाली, कडुनिंबापाशी उभे राहिले.

मोहित्यांनी वकीलपत्र पाहिलं, अंगठा पाहिला, आणि बसले. साहेब म्हणाले, "बोला."

मी बोलायला लागले. तयारी केली होती, पण तयारीत दम नव्हता. साक्षीदार दोन, दोघेही 'आम्ही ऐकलंय' म्हणणारे. पाच-सात मिनिटांत माझे मुद्दे संपले. मोहिते छताकडे बघत होते. साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. मला वाटलं, संपलं. माझ्यामुळे त्या मुलीचं घर गेलं.

मी बसायला पाहिजे होतं. पण बसले नाही. दाताखाली काहीतरी कचकचलं, भाकरीत खडा यावा तसं. आणि मी म्हणाले, "साहेब, ती भिंत मी घातली."

मोहिते हसले. साहेब म्हणाले, "बाई, तुमचे पक्षकार म्हणा."

"भिंत बर्ग्यांच्या अंगाकडून बघा," मी म्हणाले. साहेबांचं मी ऐकलंच नव्हतं. "ओढ्याकडच्या कोपऱ्यातनं खालून चौथा थर. तिथं एक दगड भिंतीतल्या दुसऱ्या दगडांसारखा नाही. मातीनं लिंपलाय, म्हणून दिसत नाही. ती जात्याची वरची तळी आहे, अर्धी. छिन्नीनं टाकी लावताना मधोमध फुटली. जातं मोडलं की घरात ठेवू नये म्हणतात, पण एवढा चांगला दगड टाकवेना. अर्धा भिंतीत घातला. अर्धा घरात आहे, पाण्याच्या रांजणाखाली. कडेला कड लावून बघा. भिंत बर्ग्यांच्या बापानं घातली असंल तर माझ्या घरचं जातं तिच्या पोटात कसं आलं?"

मी खाली पाहिलं तर माझा उजवा तळहात टेबलावर, फाईलीवर गोल गोल फिरत होता. मी डाव्या हाताने तो धरला, तेव्हा थांबला.

मोहिते ताडकन उठले. हे लेखी कैफियतीत नाही, पुराव्यात नाही, बाई मनचं बोलताहेत. साहेबांनी मला विचारलं, हे तुम्हाला कुणी सांगितलं? मी म्हणाले, पक्षकारांनी. ते म्हणाले, "तुमचे पक्षकार मुके आहेत." मी म्हणाले, "हो."

मला वाटलं, आता हे मला हाकलून देतील. पण साहेबांनी बर्ग्याकडे पाहिलं. बर्गे मागच्या बाकावर बसला होता. त्याला त्या दगडाचं काही ठाऊक नसावं, पण एवढं ठामपणे कुणी सांगितलं की माणूस स्वतःच्याच भिंतीला भितो. त्याचा चेहरा पडला होता. साहेब म्हणाले, "जागेची पाहणी कोर्टाला केव्हाही करता येते. आजच करू." आणि त्यांनी तहसीलदारांची जीप मागवली.

साडेपाचच्या सुमाराला आम्ही खडकोलीत पोचलो. जीपमध्ये साहेब, मोहिते, मी आणि गुंडू. बर्गे मोटारसायकलवर पुढे गेला होता. सदानाना लुनावरून मागे आले आणि धोत्र्यांच्या घरापासून पन्नास पावलांवर, चिंचेखाली थांबले. मी हाताने बोलावलं, त्यांनी मान हलवली.

सगुणा उंबऱ्यात बसली होती. कुणी आलं तर ती एरवी लगबगीने उठायची, पाणी विचारायची. आज ती उठली, पदर डोक्यावर ओढला आणि नुसती उभी राहिली. तिचे डोळे कोरडे होते, पण ओठ इतके घट्ट मिटलेले की भोवती पांढरी कड आली होती. साहेबांनी विचारलं, वडील कुठे? तिने आत बोट दाखवलं. "निजल्यात," म्हणाली.

आम्ही बर्ग्यांच्या बाजूला गेलो. ओढ्याकडचा कोपरा. साहेबांनी स्वतः छत्रीच्या टोकाने खालून थर मोजले. चौथ्या थराला मातीचं लिंपण होतं. गुंडूने पहारीने ते खरवडलं. आतून काळा दगड दिसला, गोल कडेचा, वरून टाकीच्या बारीक खुणा, मधोमध अर्धं भोक. मी बरोबर सांगितलं होतं याचा आनंद व्हायला हवा होता. मला भीती वाटली, एवढंच खरं.

साहेब म्हणाले, "घरातला तुकडा आणवा." दगड जड होता. गुंडू पुढे झाला, तशी सगुणा उंबऱ्यात आडवी उभी राहिली. "आबा निजल्यात. बाप्यांनी नको. बाई येऊ देत."

मी आत गेले. आत अंधारलं होतं. खिडकीला पोतं लावलं होतं. कोपऱ्यात रांजण, त्याच्या शेजारीच भिंतीला लागून म्हातारा वाकळ पांघरून निजलेला. तोंड भिंतीकडे, त्याच भिंतीकडे. उजवा हात वाकळेबाहेर होता. मी रांजण कलता करायला वाकले आणि माझं मनगट त्या हाताला लागलं. हात गार होता. नुसता गार नव्हे, रांजणासारखा गार. बोटं अर्धी मिटलेली, जात्याचा खुंटा धरल्यासारखी, आणि अंगठ्याला निळी शाई.

मी सगुणाकडे पाहिलं. तिने आपल्या ओठांवर बोट ठेवलं आणि मग ते बोट भिंतीकडे नेलं. भिंतीपलीकडे बर्गे काहीतरी बोलत होता. शब्दन्‌शब्द ऐकू येत होता.

"कधी?" मी कुजबुजले.

"पहाटं. कोंबडा आरवायच्या आदी."

"आणि तू... दिवसभर?"

"रडले न्हाई, बाई. हिकडं हुंदका दिला तर तिकडं ऐकू जातंय. त्यो बर्ग्या लगीच कोर्टात जाऊन सांगनार, धोत्र्या मेला म्हनून." ती माझ्या कानाशी बोलत होती. "नाना आलं तवा त्यास्नी सांगितलं. त्ये न्हाई म्हनत हुते, पाप हाय म्हनले. म्याच आबाचा हात धरला. आबा आसतं तर दिलाच आसता की अंगठा."

मग मला सगळं एकदम कळलं. नानांचे ओले केस, कागद टेबलावर ठेवणं, चिंचेखाली थांबणं. प्रेताला शिवलेला माणूस आंघोळ करून आला होता आणि तरीही आपला विटाळ कोर्टाला लागू नये म्हणून लांब राहत होता. आणि मला हेही कळलं की साडेअकराला मी ज्याच्या पुकाऱ्याला ओ दिली तो माणूस त्याच्या सहा तास आधीच गेलेला होता.

"सगुणा," मी विचारलं, "जात्याचा अर्धा तुकडा भिंतीत आहे, हे तुला ठाऊक होतं?"

"न्हाई. आबा कदी बोललं न्हाईत. ह्यो दगूड मी आल्यापास्नं रांजणाखालीच हाय."

बाहेरून साहेबांचा आवाज आला, "बाई, मिळालं का?"

आता एक कायद्याची गोष्ट सांगायला हवी. पक्षकार मेला की वकिलाचं वकीलपत्र संपतं. मेलेल्याच्या वतीने बोलण्याचा अधिकार कुणालाच नसतो. पण कायद्यात एक सवलत ठेवलेली आहे, आणि परीक्षेला पाठ करताना मला तिचं हसू आलं होतं: पक्षकार मेल्याचं कळलं की वकिलाने ते कोर्टाला सांगितलंच पाहिजे, आणि तेवढं सांगण्यापुरतं ते वकीलपत्र जिवंत आहे असं समजायचं. म्हणजे त्या क्षणी, त्या खोलीत, मला हणमंत धोत्र्यांच्या वतीने एकच वाक्य बोलायचा अधिकार होता. ते वाक्य म्हणजे, ते मयत आहेत.

आम्ही दोघींनी दगड उचलला. बाहेर आणून भिंतीशी धरला. फुटलेली कड कडेला बसली. बोटाचं नखसुद्धा जाणार नाही अशी. मोहित्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला.

साहेबांनी गुंडूकडून कागद घेऊन टिपण केलं. मग ते वळून धोत्र्यांच्या दाराशी आले आणि एक पाय पायरीवर ठेवून थांबले. "प्रतिवादींना काही सांगायचं असेल तर खुणेने सांगू देत. त्यांचीच जागा आहे. मी आत येतो."

सगुणाने माझा हात धरला. तिची बोटं माझ्या हातात रुतली. मला तेव्हा जे वाटलं ते मी लपवत नाही: मला पळून जावंसं वाटलं. मी खोटं बोलणारी बाई नव्हते. शाळेत कॉपी केली नव्हती. आणि सनद घेताना घेतलेली शपथ अजून ताजी होती.

"साहेब," मी म्हणाले, "त्यांना जे सांगायचं होतं ते त्यांनी सांगितलंय."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या खांद्यावरून आतल्या अंधाराकडे. मग लांब चिंचेखाली उभ्या असलेल्या सदानानांकडे. "प्रतिवादी घरी हजर, असं लिहू?"

"हजर आहेत, साहेब," मी म्हणाले. "लिहा."

त्यांनी पायरीवरचा पाय मागे घेतला. उभ्या उभ्या लिहिलं आणि वाचून दाखवलं: पाहणी झाली, दोन्ही बाजूंचा युक्तिवाद पूर्ण, दावा निकालासाठी ठेवला. मोहित्यांनी सही केली, मी केली.

जीप ओढ्यापर्यंत आली तेव्हा मागून आवाज आला. बारा-तेरा तास दाबून धरलेलं रडणं कसं असतं ते मी तेव्हा ऐकलं, आणि पुन्हा कधी ऐकायची माझी इच्छा नाही. ड्रायव्हरने गाडी हळू केली. साहेबांनी मनगट उचलून घड्याळ पाहिलं. "सहा वाजून दहा मिनिटं," ते म्हणाले. कुणाकडे बघून म्हणाले नाहीत. "युक्तिवाद संपल्यानंतर प्रतिवादी गेला तर निकालाला बाधा येत नाही. चल रे, थांबू नकोस." मोहिते खिडकीबाहेर बघत होते.

दहा दिवसांनी निकाल लागला. बर्ग्यांचा दावा फेटाळला. त्यांनी अपील केलं नाही. भिंत राहिली, परडं राहिलं, आणि सगुणा कुणाची कोण हे विचारायची कुणाला गरज उरली नाही. सदानानांनी त्या दिवसाबद्दल माझ्याशी कधी शब्द काढला नाही. एकदाच मी विचारलं, नाना, जात्याचं तुम्ही मला सांगितलं होतंत का? ते म्हणाले, "बाई, मला ठाऊक असतं तर सहा वर्षं गप्प बसलो असतो का?"

त्यानंतर मी अडतीस वर्षं वकिली केली. लोक म्हणायचे, बाईंची तयारी एक असते आणि उभ्या राहिल्या की बोलतात वेगळंच. जमिनीच्या, बांधाच्या, भिंतीच्या दाव्यात मी नावाजलेली होते. माझ्या युक्तिवादात हात फिरवायच्या लकबीची नक्कल तरुण वकील बार रूममध्ये करायचे. मी त्यांच्याबरोबर हसायचे. दर थोड्या दिवसांनी दाताखाली कचकच व्हायची, आणि मग मी गप्प बसून ऐकायचे की मी काय बोलतेय.

आणि सगुणा यायची. बाजाराच्या दिवशी, पाटी व्हरांड्यात ठेवून, मागच्या बाकावर. तिचा कुठलाच दावा नव्हता. मी बोलत असेपर्यंत बसायची आणि मी खाली बसले की उठून जायची. मला वाटायचं, बिचारी उपकार विसरली नाही. मला ते आवडायचं, असंही कबूल करते.

गेल्या दिवाळीत मी सनद परत केली. घशाला त्रास होता, वयही झालं. मनाशी ठरवलं होतं की जाता जाता ते राहिलेलं वाक्य, धोत्रे तेव्हाच मयत होते हे, कोर्टाला लिहून द्यायचं. आता कुणाचं काही बिघडणार नव्हतं. बर्गे मेला, साहेब गेले, नाना गेले, घराचे कागद केव्हाच सगुणाच्या नावावर झाले. अर्ज लिहून टेबलावर ठेवला होता. ते वकीलपत्र एकदाचं संपावं, एवढंच मला हवं होतं.

त्याच दुपारी सगुणा घरी आली. साठी ओलांडलेली, गुडघ्यांवर हात ठेवून पायऱ्या चढत. कोर्टात गेली होती, बाई आता येणार नाहीत असं तिला कुणीतरी सांगितलं. मी तिला अर्जाबद्दल सांगितलं. तिने त्या कागदावरून बोट फिरवलं. तिला वाचता येत नव्हतं.

"त्यो दिला की आबा जानार?" तिने विचारलं.

मी विचारलं, कुठून जाणार?

"तुमास्नी ठावं न्हाई व्हय?" ती म्हणाली. "मी काय कोर्ट बघाया येत हुते का? वारं जायच्या आदी आबा आसंच बोलायचं. आसाच हात फिरवत. सा वर्सं मुकं हुते त्ये, आन्‌ त्या दिवशी गेलं ते बोलायलाच लागलं. मी आडतीस वर्सं येऊन ऐकतीया." मग तिने पदराने डोळे पुसले, अगदी आवाज न करता, जणू अजून भिंतीपलीकडे कुणी होतं. "नका देऊ, बाई. मला दुसरं हाय कोन? आन्‌ आता कोर्टात बी न्हाई यायच्या तुमी. येक डाव तरी बोला. कायबी बोला."

मला नाही म्हणता आलं नाही. अर्ज मी घडी घालून ड्रॉवरमध्ये ठेवला. मग मी खुर्चीत नीट बसले, घसा साफ केला. दाताखाली बारीक कचकचलं.

"साहेब," मी म्हणाले, आणि मांडीवर माझा उजवा हात हळूहळू फिरू लागला.